संरक्षण खात्यातला विरोधी पक्ष

संरक्षण खात्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर, लिफ्टपासून सगळ्यात लांब, एक बैठकीची खोली होती. लांबलचक टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या, एका टोकाला मंत्र्यांची उंच पाठीची खुर्ची आणि बरोबर समोरच्या टोकाला एक साधी खुर्ची, जिच्यावर कोणीतरी घरून आणलेली फुलाफुलांची उशी. ती उशी बाईंची. बाई खात्यात कक्ष अधिकारी होत्या, पण त्या हुद्द्याने त्यांना कोणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. सगळे त्यांना 'विरोधी पक्ष' म्हणत, आणि तेही तोंडावर. "विरोधी पक्षाला चहा कमी साखरेचा," असं कॅन्टीनवालासुद्धा ओरडून सांगायचा.

हे नाव का पडलं ते सांगायला हवं. संसदेत प्रश्नोत्तराच्या तासाला मंत्र्याला उभं राहून उत्तरं द्यावी लागतात. छापील प्रश्न आधीच आलेला असतो, त्याचं उत्तरही टाइप होऊन तयार असतं. ते वाचायला फार अक्कल लागत नाही, चष्मा बरोबर घेतला की झालं. खरी मेख असते पूरक प्रश्नांत. मंत्री वाचून खाली बसतो न बसतो तोच समोरच्या बाकावरून कोणीतरी उठतं आणि आडवंतिडवं विचारतं. हेलिकॉप्टरं इतकी महाग का पडली? पलटण इथून तिथे कशासाठी हलवली? त्याला कागद पुरत नाही, तोंड लागतं. म्हणून सभागृहात जायच्या आदल्या दिवशी या खोलीत रंगीत तालीम व्हायची. मंत्री मंत्री व्हायचे, आणि विरोधी पक्ष व्हायच्या बाई.

हे काम बाईंकडे अपघातानेच आलं. फार पूर्वी हे सोंग एक जाडे उपसचिव वठवत. एकदा त्यांचा घसा बसला आणि बाईंना नुसते प्रश्न वाचून दाखवायला बसवलं. त्या वेळच्या मंत्र्यांनी एका प्रश्नावर देशाची परंपरा, जवानांचा त्याग, हवामान असं सगळं फिरवून आणलं आणि समाधानाने पाणी प्यायले. बाई सवयीने बोलून गेल्या, "साहेब, हे उत्तर नाही." मंत्र्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा हवामानापर्यंत आले. बाई पुन्हा म्हणाल्या, "हे उत्तर नाही." शेवटी मंत्री घामाघूम झाले आणि त्यांच्या तोंडून खरं उत्तर पडलं. दुसऱ्या दिवशी सभागृहात त्यांचा केसही वाकडा झाला नाही. त्या दिवसापासून उपसचिवांचा घसा कायमचा बसला असं धरलं गेलं.

यात बाईंची विद्वत्ता वगैरे काही नव्हती. लष्करातलं त्यांना खात्यातल्या इतर चारचौघांइतकंच कळायचं. त्यांना कळायचं ते एवढंच, की समोरचा माणूस टाळतोय. आणि ते त्या शिकल्या घरी. नवरा चष्म्याच्या दुकानाचा मालक, स्वभावाने लाख माणूस, पण सरळ उत्तर देईल तर शपथ. "अहो, दुकानाचं छप्पर दुरुस्त करून घेतलंत का?" म्हणून विचारलं, तर हा माणूस बाजारात छपराच्या पत्र्यांचे किती प्रकार आलेत ते सांगणार. सासूबाई त्याच्याही वरताण. त्यांना औषध घेतलं का विचारलं, तर त्या डॉक्टरच्या बायकोची चौकशी करायच्या. अशा घरात वीस-बावीस वर्षं काढल्यावर मंत्री म्हणजे अगदीच किरकोळ.

गंमत अशी की घरात मात्र बाईंचं काडीइतकं चालायचं नाही. खात्यात ज्यांच्यापुढे मंत्र्यांची बोबडी वळायची, त्या बाई घरी टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून सांगायच्या आणि आवाज तसाच राहायचा.

नवे संरक्षणमंत्री आले ते आधी गुरांचे डॉक्टर होते. वर्तमानपत्रांनी त्यावर हात धुऊन घेतला. माणूस आडव्या बांध्याचा, हात टोपल्याएवढे, बोलणं सावकाश. पहिल्याच तालमीत बाईंनी त्यांना एका जुन्या रणगाड्याच्या खरेदीवरून असं काही धारेवर धरलं की सचिवांनाच घाम फुटला. मंत्री मात्र रागावले नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं, आणि पुढच्या वेळी तोच प्रश्न येताच पाढे म्हणावेत तसं उत्तर म्हणून दाखवलं. त्यांची पद्धतच ती. घोकायचं. पुन्हापुन्हा म्हणून अंगात मुरवायचं. बाईंनी "हे उत्तर नाही" म्हटलं, की दुसरं उत्तर. पुन्हा म्हटलं, की तिसरं. आणि शेवटचं जे पसंत पडेल ते पक्कं. बाईंना हा मंत्री मनापासून आवडला. न चिडता चुकणारा माणूस त्यांनी त्या खुर्चीत प्रथमच पाहिला होता.

आता घरातल्या दुखण्याकडे येऊ. बाईंना एकच मुलगी. घरात तिला बारकी म्हणत, जरी ती आता बापाच्या डोक्यावरून पलीकडचं बघू शकत होती. बारकी लष्करात वायरलेसवर होती आणि डोंगरावरच्या एका ठाण्यावर तिची नेमणूक झाली होती. तिथे चढून जाणं जवळजवळ अशक्य, हेलिकॉप्टरनेच जायचं, आणि एकदा बर्फ पडायला लागलं की तेही बंद. वर राहायची मुदत ठरलेली असते, कारण त्या विरळ हवेत माणूस जास्त काळ राहिला की त्याची झोप जाते, भूक जाते, हाडं दुखतात. बारकीची मुदत उन्हाळ्याच्या आधीच संपली होती. बदली माणूस तयार नाही म्हणून ती वाढवली. मग पुन्हा वाढवली. आता पानं पिवळी पडायला लागली होती. बर्फाच्या आत ती खाली आली नाही तर सगळा हिवाळा वरच अडकणार होती. फोनवर तिचा आवाज हल्ली बारीक झाला होता, आणि "मी मजेत आहे" हे वाक्य ती फार वेळा म्हणत होती. टाळणाऱ्या माणसांच्या घरातच ती वाढली होती. आईला कळायचं ते कळलं.

"तू रोज मंत्र्यांना प्रश्न विचारतेस," नवरा जेवताना म्हणाला. "हा एक विचारायला काय जातंय तुझं?"

"ती खुर्ची देशाची आहे. घरचं गाऱ्हाणं तिथे न्यायचं नाही."

"देशाची कसली? उशी आपली आहे."

सासूबाई म्हणाल्या, "नातीसाठी तोंड उघडता येत नाही आणि म्हणे विरोधी पक्ष." हे इतकं सरळ बोलणं त्यांच्या तोंडून बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि ते चांगलंच झोंबलं. त्या रागावल्या नाहीत. रागवायला त्यांची बाजू मनातल्या मनात तरी भक्कम असायला हवी होती.

आणि नेमका त्याच आठवड्यात संसदेत प्रश्न लागला: डोंगरी ठाण्यांवरची तैनाती आणि तिच्यावर होणारा खर्च. बाईंची झोप उडाली. मुदत उलटून गेलेल्यांचं काय, हे कुठल्याही चांगल्या विरोधकाला सुचायलाच हवं. विचारलं तर स्वतःच्या पोळीवर तूप. नाही विचारलं तर कामात कुचराई. त्या सरळ सचिवांकडे गेल्या. सचिव वाळकुडे गृहस्थ, शिस्तीला कडक, पण दुष्ट नव्हेत.

"साहेब, माझी मुलगी त्या ठाण्यावर आहे. उद्याच्या तालमीला दुसरं कोणीतरी बसवा."

"दुसरं कोण आहे? मागे एकदा तुम्ही रजेवर होतात तेव्हा मीच बसलो होतो. मंत्र्यांना झोप लागली." सचिवांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हीच या. फक्त घरचं टाळा."

बाईंनी टाळलं. दुसऱ्या दिवशी तालमीत त्यांनी हेलिकॉप्टरांच्या किमतीवर मंत्र्यांना पिळून काढलं, इंधनावर काढलं, ठाण्यांसाठी घेतलेल्या शेगड्या चालत का नाहीत यावर तर पार रडकुंडीला आणलं. मग त्या थांबल्या आणि कागद आवरायला लागल्या.

"झालं?" मंत्र्यांनी विचारलं.

"झालं, साहेब."

मंत्री त्यांच्याकडे बघत राहिले. "बाई, माझ्या पूर्वीच्या रोग्यांना बोलता यायचं नाही. कुठे दुखतंय ते त्यांच्या उभं राहण्यावरून ओळखावं लागायचं. तुम्ही काहीतरी गिळून बसलाय. विचारा."

बाईंनी सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी छताकडे पाहिलं.

"आधी सांगते, साहेब, यात माझा स्वार्थ आहे. माझी मुलगी वर आहे. पण प्रश्न तिच्या एकटीचा नाही. ज्यांची मुदत उलटून गेलीय ते सगळे बर्फ पडायच्या आत खाली येणार की नाही?"

मंत्री पाणी प्यायले. "मनुष्यबळाच्या उपलब्धतेनुसार…"

"हे उत्तर नाही, साहेब."

"संबंधित यंत्रणा या बाबीकडे अत्यंत गांभीर्याने…"

"हे उत्तर नाही."

"आमच्या जवानांचं मनोधैर्य…"

"साहेब, हे उत्तर नाही!" बाईंचा आवाज चढला होता.

मंत्र्यांनी टेबलावर आपला टोपल्याएवढा हात आपटला. "येतील! बर्फ पडायच्या आत सगळे खाली येतील!"

बाई खुर्चीत मागे टेकल्या. सचिव मात्र उभे राहिले. "साहेब, असं तिथे बोलून चालणार नाही. सभागृहात दिलेला शब्द म्हणजे खात्याच्या गळ्यातलं लोढणं. 'प्रयत्न सुरू आहेत' एवढंच म्हणायचं." आणि मग पुढचा सगळा वेळ, दुर्दैव पाहा, बाईंनाच मंत्र्यांकडून 'प्रयत्न सुरू आहेत' हे घोकून घ्यावं लागलं. त्यांनी ते इमानेइतबारे केलं. पण सवय ती सवय. मंत्र्यांनी 'प्रयत्न सुरू आहेत' म्हटलं, की बाईंच्या तोंडून "हे उत्तर नाही" निघून जायचं, आणि मंत्र्यांच्या तोंडून लगेच "येतील!" निघायचं. मग दोघंही जीभ चावायची आणि सचिव कपाळाला हात लावायचे. शेवटी कंटाळून सगळ्यांनी तालीम संपवली.

सभागृहात अधिकाऱ्यांसाठी बाजूला एक कठडा असतो. मंत्र्यांना एखादी गोष्ट आठवेनाशी झाली, की तिथून चिठ्ठी पाठवायची. चिठ्ठ्या लिहायचं काम बाईंचं, मजकूर सचिवांचा. तालमीच्या दुसऱ्या दिवशी तिथे सगळं छान चाललं होतं. हेलिकॉप्टरांवर मंत्री फड मारून गेले. शेगड्यांवर थोडं हसू झालं, पण निभावलं. मुदतीचा विषय कोणी काढलाच नाही. खऱ्या विरोधी पक्षाला ते सुचलंही नव्हतं, याचा बाईंना राग आला. पगार घेऊन करतात तरी काय ही माणसं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

मग मागच्या बाकावरचे एक वयस्कर सदस्य उठले आणि त्यांनी इंधनाच्या पिंपांबद्दल काहीतरी लांबण लावली. मंत्र्यांनी सावकाश उत्तर दिलं. सदस्यांचं समाधान झालं नाही. ते हात उंचावून गरजले, "मंत्रिमहोदय, हे उत्तर नाही!"

"येतील!" मंत्री म्हणाले. "बर्फ पडायच्या आत सगळे खाली येतील!"

वयस्कर सदस्य आ वासून उभेच राहिले. पिंपं खाली येणार आहेत का, असं त्यांनी शेजाऱ्याला विचारल्याचं नंतर सांगतात. मग हळूहळू कुजबुज सुरू झाली. कोण येणार? कुठून? मंत्र्यांच्या लक्षात आलं. त्यांचे कान लाल झाले. पण माणूस सरळ; अर्धं बोलून बसणं त्यांना जमेना. "म्हणजे," ते म्हणाले, "ठाण्यांवर ज्यांची मुदत उलटली आहे ते. त्यांच्याबद्दल बोलतोय मी."

कठड्यात सचिवांचा चेहरा पांढराफटक पडला. "लिहा," ते बाईंच्या कानाशी म्हणाले. "ताबडतोब. 'शक्य तितक्या लवकर, असं म्हणावयाचं होतं, अशी दुरुस्ती करावी.'"

बाईंच्या हातात पेन होतं. या एका ओळीने बारकी हिवाळाभर वरच राहणार, हे त्यांना कळत होतं. पेन चालत नाही म्हणता आलं असतं. अक्षर असं काढता आलं असतं की कोणाच्या बापाला लागलं नसतं. ते त्यांच्या मनात आलं नाही असं कोणी म्हणू नये. आलं, आणि चांगलं आलं. त्यांना त्या क्षणी सचिवांचा, खात्याचा आणि स्वतःच्या इमानदारीचाही मनस्वी तिरस्कार वाटला. तरी त्यांनी चिठ्ठी लिहिली. स्वच्छ, टपोऱ्या अक्षरात लिहिली, घडी घातली आणि शिपायाच्या हातात दिली. मग त्या शिपायाच्या पाठीकडे बघत बसल्या.

मंत्र्यांनी चिठ्ठी वाचली. अक्षर ओळखलं असावं. त्यांनी मान वर करून कठड्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. अध्यक्षांनी विचारलं, "मंत्रिमहोदयांना काही दुरुस्ती करायची आहे का?"

"माझ्या अधिकाऱ्यांचं म्हणणं आहे की करावी," मंत्री म्हणाले. "त्यांचं चुकत नाही, त्यांचं कामच आहे ते. पण मी करत नाही. मुदत संपली की माणूस खाली यायला हवा. बोललो ते बोललो." आणि ते खाली बसले.

आधी त्यांच्या बाजूच्या लोकांनी बाकं वाजवली, मग समोरच्यांनीही वाजवली, कारण न वाजवण्यासारखं त्यांनाही काही सापडेना. इंधनाच्या पिंपांचं काय झालं ते अजून कोणाला ठाऊक नाही.

परतताना जिन्यात सचिव म्हणाले, "चिठ्ठी मी वाचली होती, बाई. नेहमीपेक्षाही सुवाच्य होती." एवढंच. पण सचिवांच्या तोंडून हे म्हणजे पदक मिळाल्यासारखं होतं.

"साहेब, पुढच्या वेळेपासून तालमीला मी येणार नाही," बाई म्हणाल्या. "मिळालं ते बरोबर मिळालं की नाही, मलाच कळेनासं झालंय. माणसाचा जीव असा गुंतला की त्या खुर्चीत बसू नये."

"बघू," सचिव म्हणाले. हेही उत्तर नव्हतं, पण बाईंनी सोडून दिलं.

महिनोन्महिने जे जमत नव्हतं ते आता पटापट जमायला लागलं. बदली माणसं कुठून उगवली कोण जाणे. शब्द सभागृहात गेला होता. तो पाळला की नाही ते आता तिथे विचारलं जाणार होतं, मग खात्याचे हातपाय हलणारच. आणि एका लख्ख दुपारी, पहिल्या बर्फाच्या बातमीच्या जरा आधी, बारकी पाठीवर पिशवी घेऊन बापाच्या दुकानाच्या दारात उभी राहिली. बापाने आधी चष्मा काढला, मग पुसला, मग पुन्हा लावून पाहिलं. त्याने सरळ दुकानाचं शटर ओढून घेतलं. गिऱ्हाईक आत होतं, ते नंतर लक्षात आलं.

घरी सगळ्यांनी तिला मध्ये बसवलं. ती वाळली होती, ओठ फुटले होते, पण जेवत होती. सासूबाई तिच्या ताटात वाढतच होत्या आणि ती नको म्हणत नव्हती. टीव्ही कोणी लावलाच नव्हता. बाई तिच्या शेजारी बसून नुसत्या तिच्या मनगटावर हात ठेवून होत्या. इतकं सुख त्यांना झालं होतं की बोलायची गरज वाटत नव्हती. त्यांचा सगळा जीव त्या एका मनगटात उतरला होता.

"तुझ्या जागी कोण गेलं गं?" बापाने विचारलं.

"एक मुलगी. माझ्यापेक्षा लहान. हेलिकॉप्टरमधून उतरली तीच रडत." बारकीने घास गिळला. "मी निघताना माझा हात सोडेना. म्हणाली, ताई, तुम्हाला अडकवलं तसं मलाही अडकवलं तर? आमच्याकडे लिहिता-वाचता येणारी मीच पहिली. माझ्यासाठी तिथे खाली विचारणारं कोणी नाही."

"मग तू काय म्हणालीस?" बाईंनी विचारलं.

"काय म्हणणार?" बारकी पाण्याचा पेला उचलत म्हणाली. "म्हटलं, माझी आई आहे ना."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. बाईंनी मुलीचं मनगट सोडलं, तिच्या ताटात आणखी भात वाढला आणि स्वयंपाकघरात जाऊन जरा वेळ ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या सचिवांच्या खोलीत गेल्या आणि बसायला सांगायच्या आतच म्हणाल्या, "साहेब, तालमीला मीच येणार."

सचिवांनी कागदातून डोकं वर काढलं. "पण तुम्हीच म्हणालात, जीव गुंतला की बसू नये. आता तर तुमची मुलगी घरी आली. आता कोण आहे तुमचं वर?"

"एक मुलगी आहे," बाई म्हणाल्या.